इक्वलायझर मिक्सरला नेमका कुठे जोडायचा? (सप्ताह, पत्र्याचा सभामंडप आणि शिट्टी)

मंदिरसेवा | रविवार, रात्री ९.४०

राम कृष्ण हरी मंडळी.

आमच्या गावात दरवर्षी सात दिवसांचा अखंड हरिनाम सप्ताह असतो. संध्याकाळी हरिपाठ, रात्री कीर्तन. कीर्तन मंदिराच्या सभामंडपात होतं. वर पत्रा, तीन बाजूंना भिंती, खाली शहाबादी फरशी. मंडळाकडे १२ चॅनलचा साधा ॲनालॉग मिक्सर, दोन अँप, लोकांसाठी दोन टॉप (मोठे स्पीकर) आणि बुवांना स्वतःचा आवाज ऐकू यावा म्हणून त्यांच्या पुढ्यात ठेवायला एक मॉनिटर स्पीकर आहे. साउंडची सेवा मी आणि माझा चुलतभाऊ करतो.

गेल्या वर्षी फार वाईट झालं. बुवा निरूपणाच्या भरात दोन पावलं पुढे आले की माइक शिट्टी मारायचा. मी दर वेळी आवाज खाली घेत गेलो. तिसऱ्या दिवशी मागे बसलेल्या बायका कीर्तन अर्ध्यावर सोडून उठल्या, कारण त्यांच्यापर्यंत शब्दच पोचत नव्हते. ते मनाला लागून राहिलंय.

म्हणून या वर्षी वर्गणीतून एक वापरलेला इक्वलायझर घेतला, ३१ बँडचा (३१ दांड्या, एकेकीने आवाजाचा एकेक पट्टा वरखाली होतो), दोन चॅनलचा. इकोचं मशीन जोडतो तसाच जोडला. ऑक्स सेंडमधून (मिक्सरमधून आवाजाची वेगळी प्रत बाहेर काढायची वाट) वायर इक्वलायझरला, तिथून परत मिक्सरच्या ११ नंबर चॅनलला. पण दांडी पार तळाला नेली तरी फरक नावापुरता. आवाज डब्यातून आल्यासारखा पोकळ येतो. आणि एकदा तर सगळे माइक बंद असताना मिक्सर आपणहून किंचाळायला लागला. मशीन बिघडलेलं आहे का? सप्ताह ११ दिवसांवर आलाय.

कन्सोलवर_वीस_वर्षं | रविवार, रात्री १०.१५

माउली, मशीन बहुतेक ठणठणीत आहे. जागा चुकली आहे.

इको म्हणजे वरणावर वरून घातलेली फोडणी. मूळ वरण तसंच राहतं, त्यात चव मिसळते. म्हणून इकोला ऑक्सचा रस्ता बरोबर आहे. इक्वलायझर म्हणजे चाळण. सगळं पीठ तिच्यातून गेलं पाहिजे. तुम्ही अर्धं पीठ चाळलं आणि अर्धं न चाळता त्याच परातीत ओतलं.

हिशेब करून बघा. मूळ आवाज आणि इक्वलायझरमधून आलेला आवाज सारख्या पातळीवर धरा. तुम्ही एक दांडी १२ डेसिबल खाली ओढलीत, म्हणजे त्या पट्ट्यातला तिकडून येणारा आवाज पाव झाला. पण मूळ आवाज पूर्ण एक आहेच. आधी १ अधिक १ होते, आता १ अधिक पाव. म्हणजे १२ कापायला गेलात आणि प्रत्यक्षात कापले गेले साधारण ४ डेसिबल. शिवाय इक्वलायझरमधून जाताना आवाजाची फेज, म्हणजे लहरीची वेळ, थोडी सरकते. तो मूळ आवाजाला कुठे भर घालतो, कुठे खातो. पोकळपणा तिथून येतो.

किंचाळण्याचं कारणही तेच. ११ नंबर चॅनलचं ऑक्सचं बटण उघडं राहिलं असणार. इक्वलायझरमधून आलेला आवाज पुन्हा ऑक्समधून इक्वलायझरला, तिथून पुन्हा ११ नंबरला. माइक नसतानाही फेरा पूर्ण होतो.

आता बरोबर क्रम. मिक्सरचा मेन आउट, तिथून इक्वलायझरचा इन, इक्वलायझरचा आउट, तिथून अँपचा इन. बस. मिक्सर आणि अँप यांच्यामध्ये इक्वलायझर, आणि आवाजाला दुसरी वाट नाही.

तुमच्याकडे दोन चॅनलचा आहे, त्याचा डावा-उजवा असा वापर करू नका. कीर्तनाला स्टिरिओ लागत नाही. मिक्सरला मोनो आउट असेल तर तो इक्वलायझरच्या पहिल्या चॅनलमधून दोन्ही टॉपच्या अँपला द्या. दुसरा चॅनल मॉनिटरसाठी राखा. ऑक्स १ इक्वलायझरच्या दुसऱ्या चॅनलला आणि तिथून थेट मॉनिटरच्या अँपला, मिक्सरला परत आणायचं नाही. तो ऑक्स प्री-फेडर ठेवा, म्हणजे तुम्ही समोरचा आवाज वरखाली केलात तरी बुवांच्या कानावरचा हलणार नाही. शिट्टी समोरच्या टॉपमधून वेगळ्या ठिकाणी येते आणि मॉनिटरमधून वेगळ्या ठिकाणी. दोघांना स्वतंत्र इक्वलायझर मिळणं ही मोठी सोय आहे.

मंदिरसेवा | रविवार, रात्री १०.५०

११ नंबरचं ऑक्स उघडंच होतं, आत्ता जाऊन बघितलं. मोनो आउट आहे. पण वायरींचा गोंधळ आहे. मिक्सरला कॅनन (तीन पिनांचा एक्सएलआर), इक्वलायझरला कॅनन आणि पी-३८ (पाव इंची पिन) दोन्ही, आणि मॉनिटरच्या जुन्या अँपला फक्त पी-३८ मोनो. चालेल का?

तारजोड | सोमवार, सकाळी ७.२०

चालेल. जिथे दोन्हीकडे कॅनन आहे तिथे कॅननच लावा. पिन १ शील्ड, २ हॉट, ३ कोल्ड. दोन्ही टोकांना जशाला तसं. हे बॅलन्स्ड राहतं, लांब वायरीत बाहेरचा खरखराट दोन्ही तारांवर सारखा येतो आणि पुढच्या मशीनच्या इनपुटला रद्द होतो.

जुन्या अँपला जाणारी वायर इक्वलायझरच्या पी-३८ आउटमधून काढा, मोनो पिन ते मोनो पिन, आणि ती आखूड ठेवा. कॅननमधून काढायची वेळ आली तर २ नंबर पिनच्या टोकाला आणि १ नंबर बाहेरच्या भागाला. ३ नंबरचं काय करायचं, जोडायचा की मोकळा सोडायचा, हे मशीनच्या आउटपुटच्या जातीवर ठरतं, म्हणून पुस्तिका बघूनच. पुस्तिका नसेल तर पी-३८ च बरा.

स्पीकरची जाड वायर आणि सिग्नलची शील्डवाली वायर एकमेकींच्या जागी वापरू नका. पिन सारखी दिसते म्हणून मंडपात हे नेहमी होतं. आणि डाग घालताना शील्डचे बारीक केस पिळून एकत्र करा. एक केस जरी हॉटला टेकला तरी रात्रभर खर्र खर्र.

सातारी_टाळकरी | सोमवार, सकाळी ९.०५

मध्येच विचारतो. आमच्या भजनी मंडळाचं मिक्सर आणि अँप एकाच डब्यात आहे. मागे थेट स्पीकरची टर्मिनलं. आम्ही इक्वलायझर कुठे घालायचा? स्पीकरच्या वायरीत?

कन्सोलवर_वीस_वर्षं | सोमवार, सकाळी ९.३०

स्पीकरच्या वायरीत कधीही नाही. कृपा करून कुणालाही तसं करू देऊ नका. मिक्सर आणि इक्वलायझर यांच्यात जो सिग्नल फिरतो तो साधारण सव्वा व्होल्टचा असतो. २५० वॅटचा अँप ८ ओहमच्या स्पीकरला पूर्ण जोरात देतो सुमारे ४५ व्होल्ट. इक्वलायझरचं इनपुट त्या क्षणी जळेल, अँपही जाऊ शकेल.

डब्याच्या मागे बघा. काही मशीनना ‘प्री आउट’ आणि ‘अँप इन’ अशी दोन भोकं शेजारी शेजारी असतात. असतील तर प्री आउटमधून इक्वलायझरला आणि इक्वलायझरमधून अँप इनला. नसतील तर ३१ बँडचा मशीनमध्ये घालायला जागाच नाही. मग चॅनलच्या बास, मिड, ट्रेबलवर काम भागवा आणि पैसे चांगल्या माइकवर घाला.

रंगमंच_ध्वनी | सोमवार, दुपारी २.१०

इन्सर्टबद्दल कुणी बोललं नाही. मिक्सरला मेन इन्सर्ट असेल तर तोही बरोबर रस्ता आहे. ते एकच पाव इंची भोक असतं, त्यात स्टिरिओ पिन जाते आणि तिथून दोन मोनो पिना फुटतात, वाय आकाराची वायर. बहुतेक मिक्सरमध्ये पिनच्या टोकावरून आवाज बाहेर जातो आणि मधल्या कड्यावरून परत येतो. काही मिक्सरमध्ये उलट असतं. जोडल्यावर आवाज अजिबात आला नाही तर दोन मोनो पिनांची इन-आउट अदलाबदल करून बघा, बहुतेक वेळा एवढंच असतं. आणि इन्सर्टमध्ये पिन घातली की आतली मूळ वाट तुटते. म्हणजे पाठवलं आणि परत आणलं नाही तर मेन मुका.

फरक असा. इन्सर्टमधला आवाज बॅलन्स्ड नसतो, वायर दीड-दोन मीटरच्या पुढे नको. आणि मेन इन्सर्टवरचा इक्वलायझर रेकॉर्डिंगच्या आउटवरही चढतो. कीर्तनाचं रेकॉर्डिंग करत असाल तर ते बिघडतं, कारण सभामंडपाच्या पत्र्यासाठी कापलेलं त्यातही कापलं जातं. मंदिरसेवा यांच्यासाठी मेन आउटचाच रस्ता मला योग्य वाटतो.

पण खरं सांगायचं ते पुढे आहे. नाट्यगृहात काम करताना मी एक गोष्ट शिकलो, शिट्टीवर इक्वलायझर हा शेवटचा इलाज. टॉप कुठे आहेत? बुवांच्या मागे की पुढे? माइक कोणता? एका वेळी किती माइक उघडे असतात?

मंदिरसेवा | सोमवार, रात्री ९.००

टॉप गाभाऱ्याच्या दोन्ही बाजूंना भिंतीला टेकून आहेत, म्हणजे बुवांच्या मागे. टाळकरी दोन रांगांत बुवांच्या मागे उभे. माइक एकूण आठ. बुवांचा, दोन गायनाचार्यांचे, पखवाजाचे दोन, पेटीचा एक, टाळकऱ्यांपुढे दोन. सगळे सुरूच असतात.

रंगमंच_ध्वनी | सोमवार, रात्री ९.४५

मग टॉपचं तोंड थेट बुवांच्या माइकच्या तोंडात आहे. जगातला कोणताही इक्वलायझर याला पुरा पडणार नाही. टॉप बुवांच्या पुढच्या रेषेच्याही पुढे आणा, स्टँडवर डोक्याच्या वर, तोंड मागच्या रांगांकडे किंचित झुकवून.

दुसरं, टाळकऱ्यांचे दोन माइक काढा. पत्र्याखाली टाळ माइकशिवाय घुमतात. उघडे माइक निम्मे झाले की शिट्टीआधी साधारण ३ डेसिबल जास्त जागा मिळते. आठाचे चार होत नसतील तरी अभंग चालू नसताना, नुसतं निरूपण असताना, गायनाचार्यांचे आणि पेटीचे माइक खाली घ्या. त्यासाठी एकाने कीर्तनभर मिक्सरवर बसून राहायचं. चुलतभाऊ आहेच.

मॉनिटरची जागा माइकच्या जातीवर. कार्डिऑइड असेल तर तो बरोबर पाठीमागून सर्वांत बहिरा, म्हणून मॉनिटर माइकच्या थेट पाठीमागे. सुपरकार्डिऑइड असेल तर तो पाठीमागून थोडं ऐकतो आणि मागच्या दोन्ही तिरक्या बाजूंना बहिरा असतो, म्हणून मॉनिटर तिरका. आणि माइकची जाळी मुठीत धरू नये, हे बुवांना कीर्तनाआधी नम्रपणे सांगा. जाळी झाकली की मागून बहिरं असणंच संपतं.

मंदिरसेवा | बुधवार, रात्री १०.३०

टॉप पुढे आणले. टाळकऱ्यांचे माइक काढले, थोडी नाराजी झाली, ऐकवून दाखवल्यावर मिटली. इक्वलायझर मेन आउट आणि अँपच्या मध्ये. आता दांडी हलली की आवाज हलतो!

नवीन अडचण. इक्वलायझर जोडल्यापासून स्पीकरमधून सतत ‘हंऽऽऽ’ येतंय. इक्वलायझरची अर्थची पिन काढून दोन पिनांवर लावला की जातं. तसंच ठेवू का?

तारजोड | बुधवार, रात्री १०.४०

नाही. आत्ताच्या आत्ता ती पिन परत लावा.

तो अर्थ माणसाला वाचवायला आहे. मशीनच्या आत फेज डब्याला टेकला तर तो करंट अर्थमधून जायचा, तो वायरीच्या शील्डमधून माइकच्या जाळीपर्यंत येऊ शकतो. बुवांचे ओठ जाळीला, पाय ओल्या फरशीवर. असा झटका लागलेला माणूस मी डोळ्यांनी पाहिला आहे.

हं येतं ते आपल्या लाइनचं ५० हर्ट्झ आणि त्याच्या पटी. मिक्सर एका बोर्डावरून, अँप दुसऱ्या बोर्डावरून घेतला असेल, अर्थला दोन वाटा मिळतात आणि मधल्या शील्डमधून करंट फिरतो. आधी मिक्सर, इक्वलायझर आणि अँप एकाच बोर्डावर आणा, अर्थ असलेल्या एकाच चांगल्या एक्स्टेंशनवरून. तरी राहिलं तर इक्वलायझर ते अँप या कॅनन वायरीचं शील्ड अँपच्या टोकाला पिन १ वरून सोडवा, दुसऱ्या टोकाला जोडलेलंच ठेवा. हे फक्त बॅलन्स्ड वायरीत. तोडायचं ते सिग्नलच्या वायरीतलं शील्ड, लाइनचा अर्थ कधीच नाही. आणि त्या वायरीला लाल टेप लावून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षी कुणीतरी ती माइकला लावेल.

मंदिरसेवा | गुरुवार, रात्री ८.१५

एका बोर्डावर आणल्यावर हं गेलं. शील्ड सोडवावंच लागलं नाही. अँप मंदिराच्या मीटरवरून होता आणि मिक्सर शेजारच्या घरातून.

आता ३१ दांड्या समोर आहेत. कुठून सुरुवात करू? चुलतभावाने दोन्ही टोकं वर आणि मधलं खाली असा पाळण्यासारखा आकार केलाय, गाणी छान वाजतात म्हणतो.

कन्सोलवर_वीस_वर्षं | गुरुवार, रात्री ९.००

तो आकार मोडा. त्याने रेकॉर्डवरचं गाणं भरगच्च वाटतं, पण माणसाच्या बोलण्यातले शब्द मधल्या पट्ट्यात असतात. २ ते ४ किलोहर्ट्झच्या आसपास व्यंजनं कळतात. ते खाली घेतलं की आवाज मोठा ऐकू येतो आणि शब्द कळत नाहीत. तुमच्या मागच्या रांगांची तीच तक्रार होती.

सगळ्या दांड्या मध्यावर. ६ आणि १२ असं रेंजचं बटण असेल तर ६ वर ठेवा, हात हलका राहतो. बायपास (इक्वलायझर वगळणारं बटण) चालू-बंद करून बघा, दोन्हीकडे आवाज सारखाच मोठा आला पाहिजे, नाहीतर लेव्हलचं बटण जुळवा. मग कीर्तनात लागतात तेवढेच माइक उघडे ठेवून मेन अगदी हळू वर न्या. पहिली बारीक शिट्टी सुरू झाली की थांबा, ती कोणत्या पट्ट्याची हे शोधून ती एक दांडी ३ डेसिबल खाली. पुन्हा वर. दुसरी शिट्टी, दुसरी दांडी. तीन-चार झाल्या की थांबा. एकदम पाच-सहा ठिकाणी शिट्ट्या यायला लागल्या तर पुढे कापून काही मिळत नाही, नुसता आवाज मरतो. मग मेन तिथून ६ डेसिबल खाली आणा आणि कीर्तन तिथेच चालवा. मॉनिटरचंही असंच, वेगळं.

आणि एक. बुवांच्या आवाजाचा जडपणा या मशीनवर कापू नका. ते चॅनलवर करा, लो-कटचं (खालचे जड सूर कापणारं) बटण दाबून. मेनवर १०० च्या आसपास कापलंत तर पखवाजाची कणीक लावलेली बाजू मुकी होईल. ३१ बँडचा हा त्या पत्र्याचा आणि स्पीकरचा, चॅनलचा हा त्या माणसाचा.

मंदिरसेवा | गुरुवार, रात्री ९.२०

शिट्टी कोणत्या पट्ट्याची हे कानाने कसं ओळखायचं? मला तर सगळ्या सारख्याच वाटतात.

पेटीवादक | गुरुवार, रात्री १०.०५

याचं उत्तर तुमच्या मंडळात पेटीच्या रूपात आहे. मी नेहमी असंच करतो.

शिट्टीला सूर असतो. कुणीतरी ती गुणगुणून धरा आणि पेटीवर शोधा. ४४० ला जुळवलेल्या पेटीवर मधल्या सप्तकात पांढरी ६ म्हणजे ४४० हर्ट्झ. काळी २ म्हणजे ३११, पांढरी ५ म्हणजे ३९२, पांढरी ७ म्हणजे ४९४. आता इक्वलायझरचे आकडे वाचा: ३१५, ४००, ५००. एका सप्तकात तीन दांड्या, म्हणजे पेटीच्या दर चार पट्ट्यांना एक. वरच्या सप्तकात सगळं दुप्पट होतं. ६३०, ८००, १०००, पुढे किलोहर्ट्झमध्ये १.२५, १.६, २, २.५. सगळ्या दांड्या फिरून फिरून पेटीच्या याच तीन पट्ट्यांवर येतात, पांढरी ७, काळी २ आणि पांढरी ५. इतक्या वर्षांत मला याचा सर्वांत जास्त उपयोग झाला आहे.

समजा शिट्टी काळी २ ला लागली. मग दांडी ३१५, ६३०, १.२५ किंवा २.५ यांपैकीच. सप्तक कुठलं ते मोजून ठरवा. पेटीच्या मधल्या सुरापेक्षा तीन सप्तकं वर असेल तर २.५. सूर दोन दांड्यांच्या मध्ये पडला, जसं की काळी १, तर शेजारच्या दोन्ही दीड-दीड खाली घ्या. पेटीचा खर्ज बंद ठेवून एकच सूर वाजवा, नाहीतर सप्तक चुकतं.

मंदिरसेवा | शनिवार, रात्री ११.१०

आज संध्याकाळी मंडप रिकामा असताना केलं. पेटीवाल्या काकांनी पहिली शिट्टी सुरू होताच सांगितलं, पांढरी ५. तीन दांड्या हलवल्या, १.६ वर खरंच थांबली! दुसरी काळी २, ती २.५ वर. तिसरी खालची घूं घूं, २५० वर. मॉनिटरला फक्त दोनच कापाव्या लागल्या, ८०० आणि ३.१५. दांड्यांच्या शेजारी पांढऱ्या टेपवर पेनने खुणा केल्यात आणि वर पारदर्शक पट्टी लावलीय, पोरांचा हात लागू नये म्हणून.

कन्सोलवर_वीस_वर्षं | रविवार, सकाळी ८.००

फार छान. माणसं बसली की मंडप आवाज शोषतो, त्यामुळे मेनला आणखी थोडी जागा मिळेल. पहिल्या दिवशी अभंगाच्या वेळी बघून घ्या, निरूपण सुरू झाल्यावर इक्वलायझरला हात नको.

मंदिरसेवा | पुढचा शुक्रवार, रात्री ११.५५

राम कृष्ण हरी. पहिलं कीर्तन झालं. दोन तास, एकदाही शिट्टी नाही. बुवा दोनदा पार पुढे आले तरी नाही. मी मुद्दाम शेवटच्या खांबापाशी जाऊन उभा राहिलो. बुवांनी सासू-सुनेचा दृष्टान्त सांगितला तेव्हा मागच्या बायका पुढच्या माणसांबरोबर, त्याच क्षणी हसल्या. गेल्या वर्षी त्या शेजारणीला विचारत होत्या, काय म्हणाले म्हणून.

एकच गोष्ट. शेवटी पसायदान झाल्यावर भावाने आधी मिक्सर बंद केला तेव्हा स्पीकरमधून धाडकन आवाज आला. काही बिघडलं असेल का?

तारजोड | शनिवार, सकाळी ६.५०

एकदाने बहुधा काही होत नाही, पण टॉपचे वरचे ड्रायव्हर अशानेच जातात. बंद करताना आधी अँप, मग इक्वलायझर, शेवटी मिक्सर. चालू करताना उलटं, अँप सर्वांत शेवटी. आज कीर्तनाआधी दोन्ही टॉपला कान लावून वरचा ड्रायव्हर वाजतोय ना ते बघा आणि इथे कळवा.

मंदिरसेवा | शनिवार, संध्याकाळी ५.३०

दोन्ही वाजतायत. क्रम कागदावर लिहून अँपवर चिकटवलाय.